तीन नंबरचा बावटा

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं लागली तिला.
नाव मी ठेवलं: उशीर.
रणधीर हसला, मग स्वतःच ब्रश घेऊन रंगवलं.
'र' जरा तिरका आला, तसाच राहू दिला.
ट्रकवर घालून नेली तेव्हा
डोलकाठीचं टोक लाल फडकं बांधून मागे लोंबत होतं,
आणि दांडिया बाजारातला पोलीस म्हणाला,
काका, बडोद्यात समुद्र कधी आला?

समुद्र इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर.
माझ्या ओट्यापासून दोन पावलं:
मिक्सरच्या वर, खिळ्याला,
जुन्या बाजारातला पितळी बॅरोमीटर.
लीला त्याला घड्याळ समजते.
रोज पुसते, रोज म्हणते,
बंद पडलंय, बेन.

पाऊस गेला की लोक छत्र्या माळ्यावर टाकतात.
जेराम टंडेल टाकत नाही.
चोमासानो दरियो गांडो, पण कहीने आवे, म्हणतो,
आसोनो हसतो हसतो आवे.

तरी निघाले दोघे. कावीहून, ओहोटीच्या पाठीवर,
दमणपर्यंत, किनारा धरून.
एक स्टोव्ह, बत्तीस खाखरे, मी मोजून दिलेले.
मी वहीत लिहायची: वेळ, वारा, आवाज.
तिसरा रकाना माझा.
नैर्ऋत्य, मंद. आवाज: जेवलेला.
पश्चिम, झोत येतात. आवाज: खोटं बोलणारा.

आठव्या माळेला सुई चार घरं उतरली.
मैदानावर गरबा भरात, ढोल खिडकीच्या काचांत.
मी फोनमध्ये ओरडले, आत या, कुठेही, आत या.
तो म्हणाला, आकाश घासलेल्या ताटासारखं आहे, प्रमिला.
मला आकाश दिसत नाही, म्हटलं,
मला सुई दिसते.
मग बराच वेळ नुसता वारा,
आणि लांबून जेराम:
बेन साचुं कहे छे.

रात्री बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला.
तोवर ते नर्मदेच्या तोंडाशी
एका बिननावाच्या खाडीत शिरले होते,
शीड गुंडाळून, दोन नांगर टाकून.
खंबातचं पाणी जातं ते
भांडून निघालेल्या माणसासारखं, मागे न बघता.
होडी चिखलात कुशीवर पडली.
घर तिरकं झालंय, तो म्हणाला,
मी भिंतीवर झोपतोय,
चहा अर्ध्या कपावर सांडतो.
मग रेंज गेली.

त्या रात्री मी गादीची एक कड
उशा घालून उचलली, आणि तशीच तिरकी झोपले.
कुणाला सांगण्यासारखं नाही हे.

पहाटे पाऊस. मैदानाचं तळं.
मंडपाचं कापड पोटभर वारा पिऊन उभं राहिलं,
क्षणभर वाटलं, सगळी सोसायटी
निघाली कुठेतरी.
मग दोऱ्या तुटल्या.
विश्वामित्री पुलाला लागली, असं दूधवाला सांगून गेला.
वहीत दोन दिवस मी फक्त रेघा आखल्या.

तिसऱ्या सकाळी अनोळखी नंबर.
कुणी मिठागरातला,
रेंजसाठी मिठाच्या ढिगावर चढलेला:
बे जण छे. जीवे छे. एक बहु चिडाय छे.
कोण?
तमारावाळा.
मी लिहिलं: सात वीस. वारा माहीत नाही.
आवाज: खारा, देवासारखा.
मग 'देवासारखा' खोडलं.
नाव विचारायचं राहून गेलं त्याचं.

वादळ आलंच नाही तिथे. ओमानकडे वळलं.
तुझ्या सुईपायी चार भरत्या फुकट गेल्या,
रणधीर अजून म्हणतो, पाहुण्यांसमोर, मीठ वाढताना.
मी वरण वाढते.

आता शीड गच्चीवर, कठड्याला.
कोपरा फाटलाय, मी जाड दोऱ्याने शिवतेय,
ही सुई तरी ऐकते.
पुढच्या आसोत तू पण चल, म्हणतो तो,
आणि मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

खालून लीलाची हाक:
बेन, घड्याळ हललं!

कुठल्या बाजूला, मी विचारते,
ओल्या कापडात हात तसाच ठेवून.